गच्चीची किल्ली आणि हरवलेली सावली

आज सकाळी सूर्याला अर्घ्य दिलं आणि तोच तांब्या हातात घेऊन तळमजल्यावरच्या अण्णांकडं गेलो. आमच्या गच्चीची किल्ली त्यांच्याकडं असते.

मंडळी, आज दुपारी सूर्य आपल्या शहराच्या बरोबर डोक्यावर येणार होता. तेव्हा उभ्या वस्तूची सावली तिच्याच खाली लपते. वर्षातून दोनदाच हे घडतं, आत्ता मे महिन्यात आणि मग जुलैत, आणि जुलैत तर आभाळ झाकलेलं असतं. माझी लेक आठवडाभर याची वाट पाहत होती.

अण्णा म्हणाले, "आपली सावली दिसंना झाली म्हंजी मरण जवळ आलं. अन् तुम्ही लेकरांना हौसेनं दाखवायलेत व्हय?"

"अण्णा, पृथ्वी कललेली आहे, म्हणून..."

"कललेली तुमची बुद्धी! देवधर्म करणारा माणूस तुम्ही!"

डोकंच फिरलं. ज्याला रोज हात जोडतो, त्याची चाल लेकरांना दाखवली तर धर्म कुठं बुडतो? तुम्हीच सांगा.

किल्ली मिळाली नाहीच. शेवटी साडेबाराच्या सुमारास तो तांब्या अण्णांच्याच दारासमोर, भर रस्त्यात ठेवला आणि गल्लीतली लेकरं भोवती उभी केली. भांडायला अण्णा उन्हात उतरले.

लेक टाळ्या वाजवत ओरडली, "अण्णा, तुमचीबी गेली!"