सशाच्या कानातलं रक्त

१९८२ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये विभागप्रमुख साहेबांच्या शिव्या खात होतो.

"सुखदेव, तिसऱ्यांदा प्रयोग फसला. रक्त बर्फात ठेवलं होतंस की पंख्याखाली?"

"बर्फातच, साहेब."

"पुन्हा फसलं तर लॅबमध्ये दिसू नकोस. वॉर्डात स्ट्रेचर ढकल."

मी चौथी शिकलेला अटेंडंट. पण अठरा वर्षं जनावरांचं रक्त काढत होतो. माझ्या हाताला नाव ठेवलेलं मला खपत नाही.

प्रयोग साहेबांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडमचा. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती आणि कोलेस्टेरॉल रक्तात बारीक गोळ्यांत भरून फिरतात. ते लायपोप्रोटीन. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामांपुढे हमाल या ट्रकमधला माल त्या ट्रकमध्ये टाकतात ना, तसं रक्तातलं एक प्रोटीन लहान गोळ्यातलं कोलेस्टेरॉल मोठ्यात नेतं आणि तिथली चरबी इकडे आणतं. मॅडमला तो हमाल पकडायचा होता. वेगळे काढलेले गोळे नळीत घ्यायचे, त्यात उंदराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळं पाणी, टाकायचं. सहा तास कोमट पाण्यात ठेवायचं. मग मोठे गोळे खाली बसवून वेगळे काढायचे आणि फक्त लहान गोळ्यांत औषध घालायचं. कोलेस्टेरॉल असेल तेवढा हिरवा रंग चढतो. रंग फिका, म्हणजे माल हलला.

आमचा रंग फिका पडायलाच तयार नव्हता. आणि उंदीरच का? तर डिपार्टमेंटात पहिल्यापासून उंदीरच वापरत.

मी म्हणालो, "साहेब, मागच्या साली एका स्टुडंटनं उंदरांले अन् सशांले सारखाच अंड्याचा बलक चारला. सशाचं रक्त दुधावानी झालं, उंदराचं साफ राहिलं. एकदा ससा घेऊन पाहा."

"आता तू आम्हाला शिकवणार?"

"शिकवून नाही राहिलो. दोन्ही रक्तं मीच काढतो, एकाच बर्फात ठेवतो. सशाचंही फसलं, तर आपल्या पायानं वॉर्डात जातो."

मॅडम हसल्या. "सर, होऊन जाऊ द्या."

सशाचा कान चोळला, शीर फुगली, सुई एका झटक्यात आत. अकरा वाजता नळ्या पाण्यात. जेवायलाही उठलो नाही.

पाच वाजता मॅडमनं औषध घातलं. बिनसीरमची नळी गर्द हिरवी. उंदराची तेवढीच गर्द. सशाची फिकी! साध्या डोळ्यांना दिसत होती! मशीनवर आकडाही खाली. साहेबांनी तीनदा वाचायला लावला, तिन्ही वेळा तोच.

"माल हलला, साहेब! सशात हमाल हाय!"

"ओरडू नको गा," साहेब म्हणाले, पण त्यांचाच आवाज चढला होता. "उंदरात काहीच नाही म्हणायचं. मागच्या तिन्ही वेळा रक्त बरोबरच होतं तुझं."

परदेशातल्या लोकांना हे आधीच माहीत होतं, असं पुढे कळलं. ज्यात ते छापलं होतं, ते जर्नल आमच्या लायब्ररीत अजून यायचं होतं. मी एवढंच शिकलो, की प्रयोग फसला तर अटेंडंट बदलण्याआधी जनावर बदलून पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहासुद्धा न घेता लॅबमध्ये गेलो, बाही वर केली आणि मॅडमपुढे हात ठेवला. "घ्या, आता माणसाचं पाहा."