अक्कांनी न ओळखलेला हात

डोळ्यांवर ओढणी बांधलेल्या अक्का चौथ्या हातापाशी थांबल्या, त्यांनी तो धरला आणि झटकन सोडून दिला. मग तळवा पदराला पुसला.

मी गेम्स घेते. वाढदिवस, हळदीकुंकू, कुटुंबांची गेट-टुगेदर. माझं निम्मं काम बक्षिसांचं. ती स्वस्त आणि हसवणारी हवीत. महाग बक्षिसावरून जावा-जावांत रुसवे होतात, भल्यामोठ्या खोक्यातून एक घासणी निघाली की सगळे हसतात.

त्या दुपारी जळगावात पिंप्राळ्याच्या एका हॉलमध्ये धुळ्याकडच्या एका शेतकरी कुटुंबाचा मेळावा होता. खेळ नेहमीचा, ‘नवरा ओळखा’. पाच पुरुष ओळीत हात पुढे करून उभे. पुरुषांनी बोलायचं नाही, हा माझा नियम. बायकोने नुसता हात चाचपून आपला नवरा शोधायचा. ओळखला तर त्याला बांधून ठेवायला बुटाची नाडी, चुकली तर प्लास्टिकचं भिंग.

अक्का सत्तरीच्या. त्यांचे यजमान, सगळ्यांचे नाना, चौथे उभे होते. खांद्याने खांबाला टेकलेले, चेहऱ्यावर हसू.

अक्का पाचव्या हातापर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून आल्या. चौथा हात या वेळी त्यांनी बराच वेळ धरला. बोटं मोजल्यासारखी एकेक दाबली. मग म्हणाल्या, “त्या आठे नही शेतस.” म्हणजे, ते इथे नाहीतच.

हॉल हसला. मीही हसले आणि भिंगाचं खोकं उचललं. अशा वेळी अँकरने क्षण वाया घालवायचा नसतो. पण अक्का हसल्या नाहीत. ओढणीही सोडेनात. माझ्या हातातल्या माइकजवळ त्यांचं तोंड होतं, त्यामुळे पुढचं हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू गेलं.

“त्या कोठे ग्यात?” ते कुठे गेले?

हसणं एकेका रांगेतून बंद होत गेलं. नाना त्यांच्यासमोर हातभर अंतरावर हसत उभे होते. पण ते अक्कांकडे बघत नव्हते. कुणाकडेच बघत नव्हते.

मला काम देणारा त्यांचा पुतण्या प्रशांत जवळ येऊन पुटपुटला, “ताई, बक्षीस देऊन टाका. जेवण लागलंय.”

“नाना बोलत का नाहीत?”

“तुमचाच नियम आहे ना.”

मी माइक खाली ठेवला आणि तो हात स्वतः धरला. ओल्या दगडासारखा गार होता. मी म्हटलं, “नाना, खेळ संपला. आता बोला.” हसू तसंच राहिलं. ओठ हलले नाहीत. हनुवटीवरून घाम गळत होता.

मी प्रशांतला गाडी काढायला सांगितलं. आम्ही खांबापासून सोडवलं तसे नाना सरळ आमच्या अंगावर कोसळले.

हार्ट अटॅक होता. डॉक्टरांनी समजावलं की जुना मधुमेह असला की कधी कधी छातीत कळ येतच नाही. माणूस नुसता गार पडत जातो. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

नाना वाचले. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा म्हणाले, ती मला शोधतेय ते ऐकू येत होतं, पण लांबच्या कुठल्यातरी खोलीतून. ओ द्यायची होती, तोंड सापडेना.

बाहेर बाकावर अक्का होत्या. त्यांना विचारलं, इतक्या वर्षांचा हात तुम्हाला ओळखता कसा आला नाही?

“हात त्यास्नाच व्हता,” म्हणाल्या. “पन मझार कोनी नव्हतं.”

मझार म्हणजे आत.

तो खेळ मी अजून घेते, लोकांना आवडतो. फक्त आता पुरुषांना खुर्च्यांवर बसवते आणि बोलायला परवानगी देते. खेळ थोडा सोपा होतो. आणि कुणी ‘हा माझा नवरा नाही’ म्हणाली, तर आधी मी त्या माणसाचा हात धरून बघते, मग हसते.