काळ्या डब्यातला माळ

डबा कुणाचाही असो, कशाचाही असो, हातात आला की काका त्याचं तोंड आधी आपल्या डोळ्यावर दाबून धरायचे, बूड सूर्याकडे करायचे आणि मान वर करून तसेच उभे राहायचे. आत कुठून उजेडाचा ठिपका दिसला नाही, तर डबा खाली घेऊन समाधानाने म्हणायचे, "अंधार बराबर हाय." वारंगा फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा डब्यातला शेवटचा थेंब पितोय.

फाट्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मी तिथून आत असलेल्या एका गावात शिक्षिका आहे. सकाळी काळीपिवळी जीप भरेपर्यंत मी त्यांच्या दुकानाच्या सावलीत उभी राहायचे, तिथून आमची ओळख. मोबाइल आले आणि स्टुडिओचं काम पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर येऊन ठेपलं. ते पुतण्याने सांभाळायला घेतलं. काकांकडे उरली काळ्या-पांढऱ्या फोटोच्या जुन्या कागदाची पाकिटं आणि भरपूर वेळ. त्यातून त्यांनी डब्यांचे कॅमेरे करायला घेतले.

रिकाम्या डब्याला बाजूने सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद वळवून बसवायचा आणि भोक सोडून झाकणासकट सगळा डबा काळ्या चिकटपट्टीने गुंडाळायचा. भिंग नाही, बटण नाही. संक्रांतीच्या सुमाराला हा डबा उगवतीकडे तोंड करून झाडाला बांधायचा आणि मृगाच्या तोंडावर काढायचा. तेवढ्या महिन्यांत एकच फोटो. रोज सूर्य उगवून वर चढतो ती तिरपी रेघ कागदावर उमटते, दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी. आभाळ भरलेलं असलं तर त्या दिवसाची जागा कोरी राहते. खाली झाडं, भिंती, टेकड्या दिसतात. माणसं आणि जनावरं दिसत नाहीत, कारण ती एका जागी थांबत नाहीत. मी पहिल्यांदा असा फोटो पाहिला तेव्हा एकेक रेघ बोटाने मोजू लागले. काका म्हणाले, "बघा निवांत. त्यानं बी घाई केली न्हाई."

त्यांना सगळ्यात पसंत पडत ते बियरचे डबे. गळ्यात माळ घातलेला हा माणूस सकाळी सकाळी ढाब्यामागे जाऊन ते गोळा करायचा, घरी आणून धुवायचा आणि अंगणात उपडे वाळत घालायचा. काकू दारात सडा टाकताना ते पदराखाली झाकायचा प्रयत्न करीत. एकदा व्याही घरी आले तेव्हा अंगणात वीसेक डबे ओळीने वाळत होते. काकूंनी त्यानंतर चार दिवस काकांशी बोलणं टाकलं होतं, असं काकांनीच मला हसत सांगितलं.

एका वर्षी मी त्यांना शाळेत बोलावलं. मुलांनी डबे केले, त्यातला एक चांगला निघाला. तो आम्ही गावाबाहेरच्या माळावर एका लिंबाला बांधला. लिंबाशेजारी एका मेंढपाळ बाईचं दगडी कुंपण होतं. तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, बांधा की, झाड काय माझं एकटीचं आहे.

फाल्गुनात गारपीट झाली. तीन दिवस आभाळ उघडलं नाही. तिची आठ-नऊ कोकरं गारठून आणि मार लागून मेली. त्यानंतर उरलेल्या मेंढ्यांत आजार शिरला. मग कुणाच्या तरी नजरेत तो काळा डबा आला. गावात भानामतीचं नाव निघालं. चार-पाच जण शाळेत येऊन मला विचारू लागले, हे झाडावर कुणी आणि काहून बांधलं? एकजण डबा जाळायचं बोलत होता. ती बाई मागे उभी होती. माझ्या शाळेत चहाला दूध नसलं की तांब्याभर दूध पाठवणारी बाई. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तो डबा आल्यापासून माझं बरं झालं न्हाई."

मी घाबरले. संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं, सकाळी कुणी उठायच्या आत मी तो डबा गुपचूप काढून आणते. ते म्हणाले, "चोरून काढला तर चोर म्हणतील. राहू द्या. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते आले. लिंबाखाली पंधराएक माणसं जमली होती. काकांनी डबा उतरवला आणि आत काय आहे ते साध्या शब्दांत सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी त्या बाईकडे तिची घोंगडी मागितली. हे चित्र औषधात धुतलेलं नसतं, उजेड लागला की काळवंडत जातं. एरवी ते डबा दुकानात नेऊन उघडत आणि कागद लगेच मशीनवर ठेवून त्याची नक्कल काढून घेत. मी हळूच म्हटलं, दोघांना दाखवा आणि ठेवून द्या, नाहीतर सगळं जाईल. ते म्हणाले, "ज्याला ज्याला भ्या वाटतं, त्यानं बघितलं पायजे."

दगडावर बसून त्यांनी घोंगडी डोक्यावरून घेतली, आतल्या आत डबा उघडला आणि हाक मारली, "माय, पहिले तुमी या."

ती वाकून आत शिरली. आम्हाला बाहेर फक्त हलणारी घोंगडी दिसत होती आणि त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हे माझं कुंपण?"

"व्हय."

मग तिचा आवाज आला. "मामा, या रेघा इथं काहून तुटल्या?"

"तवा तीन दिवस सूर्य न्हवता."

"गारांचे दिवस."

"व्हय माय."

"म्हणजे यानं बी बघितलं."

"बघितलं."

ती बाहेर आली. पदराने डोळे पुसले आणि लोकांना म्हणाली की आत फक्त आपला माळ आहे, जाऊन बघा. मग एकेक जण आत गेला. जाळायचं बोलणाराही गेला, आणि सगळ्यांत जास्त वेळ तोच बसला. घोंगडी दर वेळी उचलली जाई, उजेड आत शिरे. शेवटी मी पाहिलं तेव्हा कुंपण गेलं होतं, टेकडी गेली होती, सूर्याच्या चार-दोन रेघा तेवढ्या राहिल्या होत्या.

काकांनी पिशवीतून कागद भरलेला दुसरा डबा काढला आणि कुठे बांधू असं विचारलं. ती म्हणाली, "तिथंच बांधा."

परतीच्या वाटेवर मला फार वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "मॅडम, एका दिवसात इतक्या लोकांनी माझा फोटो कधी बघितला न्हाई."

मृगाच्या तोंडावर आम्ही तो दुसरा डबा काढला. काकांनी त्याच्या दोन प्रती केल्या. एक शाळेत आहे, दुसरी तिच्या घरात. पाहुण्यांना ती सांगते, हा आमचा माळ, यात मेंढ्या पण आहेत, दिसत नाहीत इतकंच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी अजून तिथेच सावलीला उभी राहते.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. गेल्यावर त्याची मोठी गोष्ट आठवत नाही, भलतंच काही आठवतं. मला लिंबाखालची त्या दिवशीची दुपार आठवते. माणसं पांगली होती. बाईने काकांना शेळीच्या दुधाचा चहा करून दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि कुंपणाला पाठ टेकून ते तिथेच झोपी गेले. चहा तसाच मांडीशी. एक शेळी कपाकडे येऊ लागली, तेव्हा ती बाई उठली, आवाज न करता तिने शेळीला हाताने मागे सारलं आणि ते जागे होईपर्यंत मधे उभी राहिली.