गोचीड आणि बंबाचं पाणी

माझं लहानपण सांगोल्याच्या बाजूला मेंढरांमध्ये गेलं. आमच्या घरी गोचीड ही काही भिण्याची गोष्ट नव्हती. संध्याकाळी कळप वाडग्यात आला की आई एकेका मेंढीचं डोकं मांडीत धरायची, कानामागं बोटं फिरवायची आणि रक्त पिऊन टच्च फुगलेली गोचीड उपटून दगडानं चिरडायची. आम्ही पोरंही तेच करायचो. कधी आमच्याच अंगावर एखादी चिकटलेली सापडायची. आई ती ओढून काढायची, वर हळद दाबायची आणि पुढच्या कामाला लागायची. त्यामुळं पन्नाशी ओलांडल्यावर एका गोचिडीनं मला अंथरुणाला खिळवलं, हे आईला पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

लग्न होऊन मी सोलापुरात आले. पोस्टात नोकरी केली. नवरा रेल्वेत होता. आम्हाला एकच मुलगी. ती शिकली, अमेरिकेत गेली, तिथंच तिचं लग्न झालं आणि तिला दिवस गेले, तेव्हा मी नोकरी मुदतीआधीच सोडली आणि तिच्या बाळंतपणाला गेले.

तिचं घर गावाच्या टोकाला होतं. मागं हिरवळ, हिरवळीच्या पलीकडं लगेच जंगल. सकाळी हरणं कुंपणापर्यंत यायची. बाळंतिणीला शेगडीचा शेक द्यायचा म्हणून मी सोलापुराहून ओवा, वावडिंग, बाळंतशोपा सगळं बांधून नेलं होतं. पण घरात धूर झाला की छतावरचं यंत्र किंचाळायचं. मग मी तिला गरम पाण्यानंच शेकून काढलं. दुपारी मायलेकी झोपल्या की मी मागच्या हिरवळीवर चप्पल काढून फिरायची. मला ते गवत फार आवडायचं. आमच्याकडं पायाखाली कुसळं असतात.

त्या दिवसांतच कधीतरी गुडघ्याच्या मागं एक लाल चट्टा उठला. हळूहळू तो गोल होत पसरला. मधला भाग फिका, कडा लाल. मला वाटलं गजकर्ण. घरातलं मलम लावलं. दोनतीन दिवस कणकण होती, अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं. बाळाच्या जागरणानं असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. चट्टा गेला. गोचीड मी पाहिलीच नाही. तिकडची गोचीड तिळापेक्षाही बारीक असते, हे मला फार नंतर कळलं.

सोलापूरला परत आले आणि थंडीच्या सुरुवातीला डावा गुडघा सुजला. नारळाएवढा झाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वयामुळं झीज. मग एका सकाळी चहा पिताना तो ओठाच्या कडेनं खाली सांडला. मी पदरानं पुसला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा सांडला. नवरा समोर पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली आणि पेपर हातातच राहिला. माझा अर्धा चेहरा खाली ओघळला होता. एक डोळा मिटत नव्हता.

शेजारच्या म्हणाल्या, तोंडावरनं वारं गेलं. कुणी म्हणालं, अर्धांगाची सुरुवात. मुलीला हे कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण तिनं व्हिडिओवर फोन लावला आणि माझ्या तोंडावर पदर पाहून तिला शंका आली.

"आई, पदर काढ."

मी काढला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "इथं असताना तुझ्या अंगावर कुठं लाल गोल उठला होता का?"

तिच्या भागात हा आजार घरोघरी माहीत होता. तिनं सांगितलेलं आजाराचं नाव घेऊन मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लाइम मी फक्त पुस्तकात वाचलाय. पण तुम्ही सांगताय ते सगळं जुळतंय." रक्त मुंबईला गेलं. निकाल यायला वेळ लागला, आणि तोच आजार निघाला. शेजारी मात्र शेवटपर्यंत त्याला लिंबाचा आजार म्हणत राहिले. एकीनं तर मला लोणचं वर्ज्य करायला सांगितलं.

जंतू मारण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. चेहरा हळूहळू जागेवर आला, गुडघ्याची सूज उतरली. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी त्यांचं काम केलं. पण माझं अंग काही पूर्वीसारखं झालं नाही. जिन्याच्या चार पायऱ्या चढले की बसावंसं वाटायचं. दुखणं आज खांद्यात, उद्या मनगटात. कणीक मळताना हात गळून जायचे. बाईंनी समजावलं की काहींच्या बाबतीत असं होतं, जंतू गेले तरी अंग सावरायला महिने लागतात, आणि त्यासाठी आणखी गोळ्या देऊन उपयोग नाही. थांबायचं, एवढाच उपाय.

थांबणं मला जमलं असतं. मुलीला जमेना. ती दिवसभर फोनवर कुठले कुठले गट वाचायची. तिकडं असे पुष्कळ लोक होते, बरे होऊनही न झालेले. त्यांच्यातले काही म्हणत, या जंतूला उष्णता सोसत नाही. लाकडी खोलीत बसून घाम काढा, कढत पाण्यात बसा, जंतू मरतो. ती मला ते सगळं पाठवायची, वाचून दाखवायची. एकदा वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "तू माझ्यासाठी आली नसतीस तर तुला हे झालंच नसतं."

मी म्हटलं, "वेडी आहेस का?" पण त्या दिवशी मी ठरवलं की ती सांगेल ते करायचं.

नवऱ्यानं माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला, आतून कल्हई करून आणला. निळं प्लास्टिकचं पिंप उभं कापून त्याचा आडवा टब केला आणि मागच्या मोरीत बसवला. तुराट्या घालून तो बंब पेटवायचा, पाणी हातानं पाहायचा, मग मला धरून आत बसवायचा. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यानं मला असं दंडाला धरून कधी न्हाणीत नेलं नव्हतं. आम्ही दोघंही पहिल्यांदा लाजलो.

आणि खरं सांगायचं तर पाण्यात बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. गुडघ्याची गाठ सुटल्यासारखी व्हायची, पाठ मोकळी व्हायची. बाहेर आले की तासदोन तास मी पुन्हा पहिल्यासारखी असायची. डाळीला फोडणी घालायची, फुलांना पाणी घालायची. मग दुखणं आपल्या जागी परत यायचं.

मुलीचा फोन त्या तासाभरातच यायचा. मी म्हणायची, "बरं वाटतंय की." तिचा चेहरा असा सैल पडायचा की पुढचं वाक्य मला बोलवायचं नाही.

पुढं तिनं वाचलं की पाण्यापेक्षा वाफ चांगली. गावात एक निसर्गोपचाराचं केंद्र आहे. तिथं लाकडी पेटीत बसवतात. मान तेवढी बाहेर, आत वाफ. पेटी सांभाळणारी बाई तेलुगू घरातली होती. ती माझ्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवायची आणि मधूनमधून विचारायची, "अम्मा, सोसतंय ना?" मी सोसतंय म्हणायची. घाम डोळ्यांत जायचा आणि पेटीत अडकलेल्या हातांनी तो पुसता यायचा नाही.

चैत्र संपला आणि सोलापूरचं ऊन भरात आलं. आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे, तिथं जुनं सामान असतं. मुलगी म्हणाली होती की तिकडं त्या घामाच्या खोल्या फार महाग असतात. नवरा हसून म्हणाला, "मग आपल्याकडं देवानं अख्खं गावच तापवून दिलंय." तो गमतीनं बोलला. मला मात्र ते पटलं. दुपारी वरच्या खोलीत जाऊन बसायला लागले. पहिल्यांदा थोडा वेळ, मग जास्त. तिनं सांगितलं होतं की अंग आतून तापलं पाहिजे. म्हणून चादर गुंडाळून बसायची. पत्र्यातून धग अशी यायची की श्वास नाकात कोरडा व्हायचा. मी भिंतीला टेकून मनात म्हणायची, मर आता, मर. म्हणजे जंतूला.

एका दुपारी उठायला गेले आणि खोली फिरली. एवढंच आठवतं. नवरा किराणा घेऊन आला, खाली मी दिसले नाही, हाका मारत वर आला. मी दारात पालथी पडले होते, कपाळ उंबऱ्यावर आपटलं होतं. तो पुढं सांगायचा की माझं अंग तव्यासारखं लागत होतं आणि घाम अजिबात नव्हता. त्यानं पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून माझ्यावर ओतला. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होतं आणि डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यानंच मला जास्त लाज वाटली.

"काचेच्या बशीत ठेवला तर उष्णतेनं जंतू मरतही असेल," त्या म्हणाल्या. "पण तुमचं रक्त तेवढं तापायला लागलं तर जंतूच्या आधी तुम्ही जाल. मारायचं काम गोळ्यांनी कधीच केलंय. गरम पाणी दुखणं सैल करायला घ्या, झोप लागावी म्हणून घ्या. त्यापलीकडं त्याच्याकडं काही मागू नका."

"मुलीला बरं वाटायचं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "औषध तुमचं चाललंय की तिचं?"

आई बातमी कळल्यावर एसटीनं आली. ऐंशीच्या पुढची बाई, काठी टेकत खाटेपाशी येऊन बसली. माझ्या कपाळाच्या टाक्यांवरनं तिनं बोट फिरवलं.

"गोचिडीनं माणूस पडलेलं म्या तर कुटं बगितलं न्हाय," ती म्हणाली. "येवड्या मेंढरांत वाडलीस तू."

"तिकडची गोचीड वेगळी असती आई."

"आसंल की." तिनं काठी खाटेला टेकवली. "पर उनात बसून कुणाचं दुकनं गेलंय? आमी समदी उनातच हुतो की. तुजा बाप उनातच गेला."

माझे वडील असेच वैशाखात रानात कोसळले होते. मी तेव्हा शाळेत होते. आई त्या दिवसाबद्दल कधी बोललेली मला आठवत नाही. माझ्या खाटेपाशीही ती तेवढंच बोलली, आणि माझा पाय मांडीवर घेऊन चेपायला लागली. तिच्या हातांना अजून जोर होता.

मुलीला सगळं नवऱ्यानंच सांगितलं. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "आता लपवायचं नाही. लपवून बघितलं." आठवड्याभरात ती नातीला घेऊन आली.

दारात तिनं माझं कपाळ पाहिलं आणि रडली नाही. रडली ती संध्याकाळी, मोरीत. तिनंच पाणी काढलं होतं, कोमट. माझ्या पाठीवर तेल चोळत होती. मी तिच्याकडं पाठ करून बसले होते, म्हणून तिला बोलता आलं असावं.

"खरं सांग, या सगळ्यानं काही फरक पडत होता का?"

"पाण्यात असेपर्यंत पडायचा."

"आणि नंतर?"

"नंतर दुखायचं. रोजच दुखायचं."

तिचे हात थांबले. "मग फोनवर बरं वाटतंय असं का म्हणायचीस?"

"तुझं तोंड बघवायचं नाही."

तिनं माझ्या पाठीवर कपाळ टेकलं. पाठीवरनं ओघळलं ते तिचे अश्रू होते की पाणी, मला कळलं नाही. बाहेर नात बंबाला हात लावायला निघाली होती आणि नवरा तिला "हाय, हाय, भाजेल" म्हणून मागं ओढत होता. आम्ही दोघी ते ऐकत होतो.

"मी नसते आले तर तुझं बाळंतपण कुणी केलं असतं?" मी म्हटलं. "गवतावर अनवाणी मीच फिरले. मला आवडलं म्हणून फिरले. तुझ्या अंगावर घेऊ नकोस."

पाण्याचा तांब्या भरून तिनं माझ्या खांद्यावरनं सावकाश ओतला, मी तिला बाळंतपणात ओतायची तसा.

ती महिनाभर राहिली. पडल्यापासून मला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. तेवढ्या दिवसांत मी घरातल्या घरात काठीनं चालायला लागले होते. नंतर काठी सुटली. आज ते दुखणं संपलंय असं नाही. थंडीत मनगटं धरतात, जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही, आणि दुपारी तास-दोन तास आडवं व्हावंच लागतं. पण मागच्या वर्षापेक्षा बरं आहे, हे मला माझ्या पायांवरनं कळतं. सकाळी मी तळ्यापर्यंत चालत जाते, थोडा वेळ कट्ट्यावर बसते आणि परत येते.

मुलीचा फोन अजूनही रोज येतो. ती आता चेहऱ्याकडं टक लावून पाहत नाही, नुसतं विचारते. काल तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आज खांदा फार दुखतोय." ती म्हणाली, "बरं. मग आज स्वयंपाक बाबांना करू दे." नवऱ्यानं आतून ओरडून विचारलं की मीठ कुठल्या डब्यात आहे.