चोर स्विच

१२ डिसेंबर. सकाळी नऊचं काम: शेजारच्या पंक्चरवाल्याच्या दारात अडकलेल्या ट्रकला डिझेल का मिळत नाही ते शोधणे.

गाडी फौंड्रीचा माल भरून पुण्याला निघाली होती. ड्रायव्हरनं चाक बदललं, चावी मारली, स्टार्टर जोरात फिरला, पण इंजिन काही धरेना. महामार्गाच्या कडेला आमचं वायरिंगचं दुकान आहे. वीस वर्षं मी आणि माझा नवरा ते मिळून चालवत होतो. दीड वर्षापासून काम मी करते आणि हे दाराशी खुर्चीत बसतात. त्यांना विसरण्याचा आजार आहे. दिवाळीपासून ते मला ओळखत नाहीत. घरात राहिले की बाहेर निघून जातात, म्हणून रोज सोबत आणते.

स्टार्टर फिरतो म्हणजे बॅटरी चांगली. टाकीत डिझेल होतं. म्हणून मी थेट सोलेनॉइडकडे गेले. डिझेल पंपाला लागून मुठीएवढी डबी असते. चावी फिरवली की तिला करंट मिळतो, आतला दांडा खेचला जातो आणि डिझेलची वाट उघडते. करंट तुटला की दांडा सुटतो आणि इंजिन बंद. डबी जळाली असेल किंवा तिच्यापर्यंत करंट येत नसेल, दोन्हीपैकी एक.

बॅटरीवरून सुटी वायर आणून डबीला लावली. टक्‌ असा आवाज आला. डबी शाबूत. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावला आणि टोक तिच्या वायरीला टेकवलं. चावी चालू, दिवा बंद. फ्यूज बघितला, चांगला. चावीच्या मागच्या वायरीला टोक लावलं तर दिवा लखलखीत. म्हणजे करंट चावीपासून निघत होता आणि पंपापर्यंत पोचत नव्हता.

डॅशबोर्डखाली डोकं घालून वायर हातानं चाचपत गेले. एका ठिकाणी जोड लागला. टेप सोलली तर आत दोरा गुंडाळलेला. टेपच्या आत दोरा बांधणारा माणूस या रस्त्यावर एकच, आमचे हे. जोडातून दोन तांबड्या वायरी निघून मोठ्या जुडग्यात गडप झाल्या होत्या. चोर स्विच होता. त्यांनी बसवलेला.

चोर स्विच म्हणजे सोलेनॉइडची वायर मध्येच तोडून लपवलेलं बटण. ते बंद केलं की चोराकडं चावी असली तरी गाडी चालू होत नाही. आमच्याकडं ट्रकवाले तो लांबून येऊन बसवून घ्यायचे. याचं कारण आमच्या ह्यांचा नियम. बटणाची जागा फक्त मालकाला सांगायची, तीही कानात. ड्रायव्हरला नाही, कागदावर नाही, मलासुद्धा नाही. बाकीचं सगळं वायरिंग मी करायची, आणि बटण बसवायची वेळ आली की मला चहा आणायला पाठवायचे. मी चिडवायची, मी काय ट्रक पळवून माहेरी जाणार आहे का? ते म्हणायचे, तुझा काय नेम.

मालकाला फोन लावला. शिरोलीचे म्हातारे चाचा, आमचं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, ते बटण आठ वर्षांत कधी बंद केलंच नाही, कुठं आहे ते आता कुणाला आठवतंय? तुमच्या यजमानांनाच विचारा. त्यांना आजाराचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, येतो.

इथं एक खरं लिहायला हवं. गाडी चालू करायला मला त्या बटणाची गरज नव्हती. चावीपासून पंपापर्यंत नवी वायर ओढली असती तर पाऊण तासात गाडी मार्गी लागली असती. ड्रायव्हर तेच म्हणत होता. "मावशी, डायरेक्ट करून द्या की. सहाला गेट बंद हुतंय तिकडं." मी त्याला थांब म्हटलं. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या कामाच्या गोष्टी शेवटपर्यंत राहतात. या कामात मी होते. काम आठवलं तर मी आठवेन, असा माझा हिशेब.

हात पुसले आणि त्यांच्या समोर जाऊन बसले. ट्रक दाखवला, कुणाचा ते सांगितलं, आणि बटण कुठं बसवलंय ते विचारलं.

त्यांनी ट्रककडं बराच वेळ बघितलं. मग हसले. फार दिवसांनी हसले.

"ते सांगत नसतोय मी."

मला वाटलं, ओळखलं. पहिल्यासारखं चिडवताहेत. मीही हसले आणि म्हटलं, मला सांगायला काय झालं?

"बाई, आमच्या घरातल्या माणसालाबी सांगत न्हाय," ते म्हणाले. "च्या आणायला धाडतो तिला. मग तुमास्नी कसं सांगू?"

मी विचारलं, कुठं आहेत तुमच्या घरातल्या?

"गेलीया च्या आणायला." त्यांनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. "लई उशीर केला आज. यील आता."

ड्रायव्हर तिथंच उभा होता. तो पलीकडं जाऊन उगाच टायर तपासत बसला.

अर्ध्या तासानं चाचा स्कूटरवरून आले. त्यांना बघताच हे खुर्चीतून उठले. मला नेहमी काखेत हात घालून उठवावं लागतं. "या की चाचा. गाडी लई दिसांनी आणलासा." चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, विचारा म्हणून. त्यांनी विचारलं. ह्यांनी आधी मला दोन पावलं मागं जायला सांगितलं, आणि मग चाचांच्या कानाशी तोंड नेलं.

चाचांनी जॅक ओढून काढला तेव्हा लांबूनच दिसलं, बटण क्लीनरच्या सीटखाली, जॅकच्या मागं, पत्र्याला उलटं बसवलेलं होतं. चाक बदलून जॅक परत कोंबताना ड्रायव्हरनंच ते दाबलं होतं. चाचांनी बटण वर केलं, चावी मारली, पहिल्या झटक्याला इंजिन लागलं.

"वैनी, या, जागा दाखवतो," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, जॅक आता दुसरीकडं ठेवायला सांगा. सोललेल्या जोडाला नवा दोरा गुंडाळला, वर टेप मारली, आणि गाडी गेली. चाचा दाखवतो म्हणाले होते तरी बटणाजवळ मी गेले नाही.

दिवसभर दोन हॉर्न आणि एक हेडलाइट केला. हे संध्याकाळपर्यंत रस्त्याकडं बघत होते. दुकान बंद करताना घरी यायला तयार होईनात. ती आल्यावर दुकानाला कुलूप दिसलं तर काय म्हणेल, असं म्हणत होते. शेवटी पंक्चरवाल्यानं येऊन खोटंच सांगितलं की ती पुढं गेलीय, तेव्हा उठले. रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले होते. घरी पोचल्यावर त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खुर्चीत बसवलं. रोज बसवल्यावर मी विचारायची, मी कोण सांगा बघू. त्या दिवशी विचारलं नाही. समोर उभी राहून म्हटलं, वायरिंगच्या कामाला बाई पाहिजे का?

त्यांनी माझे हात बघितले. "सोलेनॉइड तपासता येतोय का?"

"न्हाय," मी म्हटलं.

"मग बसा हितं."

मी स्टूल ओढून बसले. जुना सोलेनॉइड आणि टेस्ट लॅम्प त्यांच्या मांडीवर ठेवला. चिमटा कुठं लावायचा ते त्यांनी मला तीनदा दाखवलं, आणि मी तीनदा लावला.