खरपुडीची सोयरीक

अख्ख्या मराठवाड्यात माणसांपेक्षा झाडांच्या सोयरिकीची काळजी करणारा माणूस एकच निपजला, आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघाला. पुंडलिकनगरात त्याच्या घरी गेलं की चहाआधी खरपुडी. ही टेकडीवर उगवणारी, कंदिलासारख्या फुलांची रानवेल. प्रत्येक वेलीच्या पेशींत म्हणे एकच अक्षर पुन्हापुन्हा गिरवल्यासारखे तुकडे असतात. कुठं बारा वेळा, कुठं पंधरा. ते मोजले की कोण कुणाचं भाऊबंद ते कळतं. या खुणांना तो मार्कर म्हणतो. दुसऱ्या झाडांचे मार्कर हिला चालेनात, म्हणून हिच्यासाठी नवे शोधण्यात त्यानं सात वर्षं घातली. तेवढ्यात लोकांची पोरं शाळेत गेली.

तपासायला पान तोडण्याआधी तो वेलीला "माफ करा हं" म्हणतो. माणसांना ही सवलत नाही. आमच्यात मामाची मुलगी करायची रीत. माझं नि त्याचं पाळण्यातच ठरलेलं. सुपारी फोडायच्या बैठकीला हा गृहस्थ मार्करचे कागद घेऊन आला. माझ्या वडलांना म्हणाला, "मामा, वैजापूरच्या टेकडीवरच्या सगळ्या वेली एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या. फुलं लई, पण शेंग एक नाय. आपलंबी तसंच व्हईल."

वडलांनी पानाचा डबा मिटला. "आमची पोरगी काय वेल हाय का?" मी आतून ऐकत होते. आग लागो त्या खरपुडीला, मी मनाशी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

माझं लग्न जालन्यात झालं, दोन मुलं झाली. त्यानं केलंच नाही. विचारलं तर म्हणे, "आधी टेकडीचं जमू दे." कन्नडच्या घाटात दुसऱ्या वेली सापडायला वीस वर्षं गेली. त्यांचे मार्कर टेकडीशी जुळेनात, तेव्हा हा क्रांती चौकापर्यंत पेढे वाटत गेला. जुळलं नाही म्हणून पेढे वाटणारा वरपक्ष मी तेवढाच पाहिला. मग घाटातल्या परागाची डबी घेऊन, सुईनं एकेक फूल गाठत, तो तीन पावसाळे टेकडी चढला. दोन वाया गेले.

तिसऱ्याला त्याचा फोन आला. "शेंग धरली. येतीस?"

गेले. दोघांचेही केस पिकलेले, दोघांनाही दम लागलेला. वेलीवर शेंगा होत्या. खरपुडीला त्या जोडीनंच येतात. तो शेजारी उकिडवा बसला.

"बघ, मी खोटं नव्हतो बोललो," म्हणाला. मग शेंगांकडंच बघत, "पण त्या दिवशी तुला तरी विचारायला पाहिजे होतं."

"मी हो म्हणाले असते," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "माफ कर हं," म्हणाला. हात मांडीवरच होते. पान काही तोडलं नव्हतं.