पांढऱ्या घोड्याचे केस

खांदा कॉलनीतल्या अरुंधती सोहोनींना जगातल्या फार थोड्या गोष्टी पटत, आणि त्यातल्या बहुतेक इटलीत होत्या. पनवेलात पटण्यासारखं काही त्यांना अजून सापडलं नव्हतं. बँकेतली नोकरी संपवून बसल्या होत्या, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत सव्वीस वर्षं व्हायोलिनचा वर्ग चालवत होत्या. चालवत होत्या म्हणजे पोरं येत होती आणि पळत होती. दारावरच्या घंटेखाली ‘दोनदा वाजवू नये’ अशी पाटी होती. ती वाचूनच निम्मे पालक जिन्यावरून परत फिरत.

नव्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी व्हायोलिनला हात लावायचा नाही, हा बाईंचा नियम. त्या दिवशी इतिहास. हजारेक वर्षांपूर्वी मध्य आशियातल्या माळांवर घोड्यांच्या पाठीवर जगणाऱ्या लोकांना कधीतरी सुचलं, की तार नुसती छेडण्याऐवजी तिच्यावर घोड्याच्या शेपटीचे केस घासावेत. तिथून ते खूळ अरबांच्या रबाबाला लागलं, रबाबाबरोबर युरोपात गेलं, आणि पाचेकशे वर्षांपूर्वी उत्तर इटलीतल्या कारागिरांनी व्हायोलिनला आजचं रूप दिलं. केस ताणून बसवलेला गज मात्र तेव्हाही शिकाऱ्याच्या धनुष्यासारखा बाहेर फुगलेलाच होता. पुढे अडीचशे वर्षांनी फ्रेंचांनी ब्राझीलचं लाकूड आणून त्याची काठी उलटी, आतल्या अंगाने वाकवली. मग साहेबाच्या सामानातून व्हायोलिन मद्रासेला उतरलं. हे सगळं बाई अशा थाटात सांगत, की काठी वाकवताना त्याच दिवा धरून उभ्या होत्या असं वाटावं. समोरचं नऊ वर्षांचं पोर तोवर पेंगुळलेलं असे.

एकदा सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरींनी माइकवरून सांगितलं, की व्हायोलिन मुळात रावणाने शोधलं. बाई उठून म्हणाल्या, “रावणाला दहा डोकी होती. तुम्हाला एक असतं तरी चाललं असतं.” त्यानंतर त्यांना प्रसादालासुद्धा कोणी बोलावलं नाही. जुन्या पनवेलातल्या संगीत मंडळाशीही त्यांचं असंच काहीतरी झालं होतं. सव्वीस वर्षांत त्या मंडळाने बाईंना किंवा त्यांच्या एकाही शिष्याला स्टेजवर बसवलं नव्हतं. मंडळाला काय कळतंय, असं बाई म्हणत. दर महिन्याला कार्यक्रमाची पत्रिका मात्र चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

तीन वर्षांपूर्वी रंजिता आली. उरणच्या वाटेवरच्या गावातली, तेव्हा सोळा वर्षांची. आज्याची मिठागरं होती, ती सरकारने घेतलेल्या जमिनीबरोबर गेली, आणि बाप बळीराम आता बांधकामाला रेती-खडी पुरवतो. घर तीन मजली, फाटकावर दोन सिमेंटचे सिंह, मागे गोठा आणि गोठ्यात शर्यतीचा पांढरा घोडा, सरदार. बाईंनी नाक मुरडलं. पैसा झाला की यांना आधी सिंह लागतात आणि मग कला, असं त्यांनी शेजारणीला ऐकवलंही.

पण त्या मुलीने पहिल्यांदा गज तारेवर ओढला आणि बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून ओट्याशी उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं होतं. इतक्या वर्षांत वर्गातून असा स्वर उमटला नव्हता, त्यांच्या स्वतःच्या हातूनसुद्धा नाही. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “मनगट आहे की फळकूट?” त्यापेक्षा गोड शब्द रंजिताला तीन वर्षांत ऐकायला मिळाला नाही. ती तरीही येत राहिली.

आणि यंदा मंडळाने रंजिताला रविवार सकाळच्या बैठकीसाठी बोलावलं. बाई पत्रिका घेऊन अख्ख्या कॉलनीत फिरल्या नाहीत एवढंच. कपाटातून त्यांनी आपल्या गुरूंचा गज काढला. जुना, फ्रेंच, स्वतः त्या वापरत तो एकुलता एक. तो रंजिताच्या हातात दिला आणि तिचा बाजारातला गज गुडघ्यावर धरून काडकन मोडला. “हे सरपण आता तुला लागणार नाही.”

शुक्रवारी दुपारी फोन आला. “बाई, गज वाजत नाही.”

“गज वाजत नसतो. वाजवणारा वाजवतो.”

“बाई, तुम्ही या ना.” रंजिता म्हणाली.

बाई रिक्षा करून गेल्या. तीन वर्षांत त्या घरात प्रथमच. सिंहांकडे तुच्छतेने बघत आत शिरल्या, गज हातात घेतला, तारेवर ओढला. काहीच नाही. गज तारेवरून लोण्यावरून सुरी फिरावी तसा घसरला. बाईंनी तो नाकाशी नेला. खोबरेल.

“आजीने लावलं,” रंजिता म्हणाली. “मी साबणाने धुवून पाहिलं, तर...” निम्मे केस टोकापासून सुटून लोंबत होते.

कोपऱ्यात तिची आजी हौसा बसली होती, हिरवं लुगडं, सत्तरीपलीकडची. “मीच लावलं, बाय. हात लावला त् केस रखरखीत. शिकेकाईनं धुतलं, वालवलं, न् तेल लावलं. पोरीचा कारेक्रम हाय म्हनून.”

बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. केस तारेला धरतात ते राळेमुळे, तेलाचा एक थेंब लागला की संपलं, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. हजार वर्षांची विद्या, पाच शतकांचे कारागीर, आणि शेवटी खोबरेलाची बाटली! मुंबईच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तो लग्नाला गावी गेलेला, बुधवारी येणार. वर्गातल्या पोरांचे गज आखूड. रंजिताचा स्वतःचा गज बाईंनीच मोडलेला. ते आठवलं आणि त्या आणखी चिडल्या. “चूक माझीच,” त्या रंजिताला म्हणाल्या. “गुरूंची वस्तू गोठ्यात आणून दिली. गोठ्यातल्यांना तिची काय किंमत कळणार?”

बळीराम दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. रंजिताने व्हायोलिनची पेटी बंद केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते बाईंच्या लक्षातही आलं नाही.

हौसा तेवढी हलली नाही. “बाय, तीन वर्सं पोर घरी येऊन सांगते. घोरंवालं लोक, अरब, फ्रेंच. मना सगलं पाट हाय. पन तेल लावू नुको ह्ये तुमी तिला कदी सांगलंच नाय त् मना कसं कलनार?”

सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. राळ लाव म्हणून सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवसाच्या इतिहासात ते बसत नव्हतं.

“ह्यो केस कुठल्या घोऱ्याचा?” हौसाने विचारलं.

“म्हणजे?”

“घोरा का घोरी?”

बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यात घोडा लग्नाच्या वरातीत पाहिला होता, तोही गॅलरीतून.

“घोरीचं चालनार नाय,” हौसा म्हणाली. “घोरी आपल्याच शेपटावं मुतते. केस पिवलं न् कच्चं व्हतात. बल्या, सरदारला सोर,” तिने लेकाला हाक मारली.

मुंबईचा दुरुस्तीवाला एकदा म्हणाला होता, की तो फक्त नराचेच केस घेतो. का, ते विचारण्याची बाईंना गरज वाटली नव्हती. आता त्या गोठ्याच्या दारात पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या आणि हौसा घोड्याच्या शेपटीतले लांब पांढरे केस एकेक निवडताना बघत राहिल्या. खाडीतल्या मासेमारीच्या जाळ्यांना गाठी मारण्यात जन्म गेलेल्या त्या बोटांनी केसांची जुडी धुऊन, विंचरून, दोऱ्याने इतकी गच्च आवळली, की पुढे एकही निसटला नाही. जुडी गजाच्या टोकांत घट्ट बसवायला बळीरामने लाकडाच्या पाचरी तासल्या. बाईंनी सांगायचं आणि त्या दोघांनी करायचं, असं संध्याकाळपर्यंत चाललं. रंजिता शेवटी राळ घासायला आली. घासून झाली तशी ती आत निघून गेली.

रविवारी मंडळाचं सभागृह भरलं होतं. रंजिताने तोडी वाजवला. स्वर असा भरून आला, की तिसऱ्या रांगेत बाईंना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. नाक मुरडायला त्यांना कुठेही जागा सापडली नाही, आणि त्याचं त्यांना सुख झालं.

मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष स्वतः जवळ आले. “वा, अरुंधतीबाई! गजाला काय पकड आहे! केस कुठून बसवून घेतलेत?”

“हौसाबाईंकडून.”

“कोण या? मुंबईच्या का?”

“तुम्हाला नाही कळायचं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही घोडा पाहिलाय कधी?” आणि हे शहाणपण जन्मापासून आपलंच होतं, अशा दिमाखात त्यांनी पदर सावरला.

कार्यक्रम संपल्यावर रंजिता त्यांच्याकडे आली. वाकून पाया पडली. मग गज रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला.

“हा तुमचा गज, बाई.”

“ठेव तुझ्याकडे. उद्या पाचला ये, पंचमावर अजून...”

“नको, बाई. गुरूंची वस्तू गोठ्यात नको.” तिचा आवाज अगदी साधा होता. “केस आमच्या सरदारचे आहेत. ते राहू द्या.”

बाहेर गाडीत हौसा आणि बळीराम वाट बघत होते. ती जाऊन त्यांच्यात बसली.

सोमवारी पावणेपाचला बाईंनी दार उघडून ठेवलं. मंगळवारीही. घंटेखालची पाटी त्यांनी काढून टाकली, तरी घंटा वाजली नाही.

पुढच्या महिन्यात आठ वर्षांची रेवा नावाची नवी मुलगी आली. तिने गजाकडे बोट दाखवून विचारलं, “हे कसले केस?”

बाईंनी मध्य आशियापासून सुरुवात करायला श्वास घेतला आणि थांबल्या.

“बळीरामच्या पांढऱ्या घोड्याचे,” त्या म्हणाल्या. “हात लावू नकोस. तेल लागलं की वाजत नाहीत. घरीही सगळ्यांना सांग. आजीला आधी.”